शाबासकी देताय, मग सातबाऱ्यावर पोरीचं नाव कुठंय?

सध्या एक वाद जिकडं जावं तिकडं ऐकायला मिळतोय, बापानं पोरीला काय शिकवावं. हुंड्यासाठी छळलेल्या एखाद्या पोरीची बातमी आली की हा वाद पेटतो, दहावी-बारावीचे निकाल लागले की परत पेटतो, आणि महिला दिनाला तर विचारूच नका. एका बाजूचं म्हणणं असं की पोरींना फार डोक्यावर बसवून ठेवलंय, जरा सोसायला शिकवा, आमच्या आया-आज्यांनी सोसलं म्हणून तर घरं टिकली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की पोरीला वाघीण करा, तिला सांगा कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, तू आमचा मुलगाच आहेस, लागेल तेवढी उंच झेप घे. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात हे मला मान्य आहे. पण बाप काय बोलला यावर तासभर भांडण होतं आणि बापानं पुढं केलं काय, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. वाद इथंच चुकलाय असं माझं स्पष्ट मत आहे. पोरीच्या शिक्षणावर बापानं किती वेळ आणि पैसा घातला, घरात-जमिनीत तिचा हिस्सा नीट कागदावर केला का, आणि उद्या तिचा संसार फिसकटला तर परत यायला घरात तिची जागा ठेवली का, या तीन गोष्टींवर त्याच्या प्रोत्साहनाची किंमत ठरते. हे केलं असेल तर तो चार शब्द कमी बोलला तरी चालतंय, आणि हे काहीच केलं नसेल तर 'वाघीण हो' म्हणणारा बाप आणि 'सोस' म्हणणारा बाप यांच्यात पोरीच्या दृष्टीनं फार फरक राहत नाही, कारण दोघांनीही तिला एकटीलाच सोडलेलं असतं.

मी हे कोल्हापुरात बसून आणि दोन मुलींचा बाप म्हणून लिहितोय. आपल्या गावाला या विषयात अभिमानानं सांगण्यासारखंही खूप आहे आणि मान खाली घालायची कारणंही आहेत. कावळा नाक्याला ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे, १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाच्या फौजेला दमवणारी ही बाई, करवीरची गादी तिनं उभी केली. त्या पुतळ्याला हार घालणाऱ्या याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. पुढं सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवायची वेळ जिल्हा प्रशासनावर आली, बरीच ओरड झाली, आणि २०११ ला आकडा ८६३ वर आला. सुधारला, पण हजारात १३७ ची तफावत उरलीच ना? ही तफावत गरिबीमुळं आहे म्हणावं तर हा ऊस, दूध आणि फौंड्रीचा जिल्हा आहे, उपाशी लोकांचा मुलूख नाही हा. मुलगाच का पाहिजे, असं कुठल्याही गावात पारावर विचारून बघा, फिरून फिरून उत्तर एकाच ठिकाणी येतं, रान कुणाच्या नावावर राहणार? म्हणजे पोरगी जन्माला यावी का नको हा प्रश्नच मुळात जमिनीला चिकटलेला आहे, आणि आपण मात्र पोरींना धीर देणारी वाक्यं कुठली बोलायची यावर चर्चा करत बसतो.

मागं एकदा भाडेकराराच्या कामाला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात बसलो होतो. आमच्या आधी तीन बहिणी आणि दोन भाऊ होते, वडील वारल्यानंतरचं हक्कसोडपत्र. बहिणी तीन गावांतनं आलेल्या, थोरली साठीच्या आसपासची, नव्या साड्या नेसलेल्या, त्या भावांनीच घेतल्या असणार. नंबर आल्यावर एकेकीनं वेबकॅमसमोर बसून फोटो दिला, मशीनवर अंगठा दिला. थोरलीचा अंगठा उठेना, कष्टाचा हात, रेघाच झिजलेल्या, तर भाच्यानं ओल्या रुमालानं पुसून पुसून चार वेळा ठेवायला लावला. साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं सोडताय न्हवं? ती म्हणाली, 'व्हय की, भावाचं वाईट कशाला करायचं?' किती क्षेत्र आहे, आज त्याची किंमत काय, हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही, तिनंही विचारलं नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांत झालं आणि मग सगळी मंडळी जेवायला गेली. कुणी रडलं नाही, कुणी दमदाटी केली नाही, म्हणून तर ते बघून मला जास्त त्रास झाला. आपल्याकडं याला 'बहिणींची नावं कमी करणे' म्हणतात, वारस नोंद झाली की पहिली घाई याचीच असते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाएवढाच वाटा दिलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना, म्हणजे तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना, जन्मानं हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला, लग्न झालेलं असो नसो, आणि त्या तारखेला बाप हयात होता का नव्हता हा घोळ सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला. म्हणजे कायद्याची बाजू केव्हाच सुटलेली आहे. मग गाडी अडलीय कुठं? अडलीय ती बापापाशी. कायदा हक्क देतो, पण तो मागायचा कुणी? बाप गप्प राहून जातो आणि ते ओझं पोरीवर टाकून जातो, आता तिनं ठरवायचं की हिस्सा पाहिजे का भाऊ पाहिजे. कुठली पोरगी हिस्सा म्हणेल? दिवाळीला कुठं जाणार ती, बाळंतपणाला कुठं जाणार?

याच्या विरोधात जे बोललं जातं त्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. पहिला मुद्दा, रानच मुळात एक-दीड एकर, त्याचे किती तुकडे पाडायचे? खरं आहे, आपल्याकडची शेतं लहान आहेत आणि अर्ध्या एकरात कुणाचंच पोट भरत नाही. पण तीन भाऊ असले तर त्या दीड एकराचे तीन तुकडे होतात की नाही? तेव्हा तिसऱ्या भावाला कुणी म्हणतं का, बाबा तू सही करून सोड, रान लहान आहे? आणि वाटणी म्हणजे बांधच घालायला पाहिजे असं कुणी सांगितलं? भावानं रान कसावं आणि बहिणीला तिच्या वाट्याची रक्कम ऊसबिलातनं चार-पाच हप्त्यांत द्यावी, नाहीतर जागेतला एखादा गाळा तिच्या नावावर करावा, नाहीतर नाव तसंच ठेवावं आणि खंड, म्हणजे रान कसण्याचं भाडं, द्यावा. रस्ते दहा आहेत, अट एवढीच की तिचा वाटा आहे हे आधी धरून चालायचं.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. म्हातारपणी आई-बापाला बघतो कोण, मुलगा. दवाखाना, औषधं, रात्रीची उठाबस त्याच्या घरात होते, मग मिळकत त्यालाच जास्त का नको? याचा विचार करायलाच पाहिजे आणि जो बघतो त्याला बापानं राजीखुशीनं जास्त द्यावं, यात गैर काही नाही. पण प्रत्यक्षात सासू-सासऱ्याचं बघतं कोण हो? सून बघते. आणि ती सून कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या निबंधक ऑफिसात अंगठा उठवून आलेली असते. म्हणजे सेवा करणाऱ्या बाईला माहेरातनं काही नाही आणि सासरचं नवऱ्याच्या नावावर. शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्यात आई-बापाला सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी आहे. जबाबदारी सारखी आणि वाटा मात्र एकालाच, हे कुठल्या हिशेबात बसतं?

तिसरं म्हणजे लग्नात दिलं की! दहा-पंधरा तोळं, मांडव, मानपान, झालं की तिचं. हा युक्तिवाद मला सगळ्यात कमी पटतो. लग्नात उधळलेला पैसा पोरीच्या हातात जात नाही, तो हॉल, कॅटरिंग, डीजे आणि पाहुण्यांच्या फेट्यांवर जातो, आणि सोनं कुणाच्या कपाटात राहतं ते सगळ्यांना माहिती आहे. सुकन्या समृद्धीचं खातं पोरगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढता येतं, २०१५ पासून लाखो लोकांनी काढलं, चांगली गोष्ट आहे, त्यातली निम्मी रक्कम तिच्या अठराव्या वर्षी शिक्षणाला काढता येते. पण खातं काढताना बापाच्या तोंडात काय असतं, 'लग्नाची सोय झाली'. पोरगी पाच वर्षांची आणि तिच्या नावानं साठवलेला पहिला पैसा तिला घरातनं पाठवायच्या खर्चाचा!

आणि चौथा, नाती तुटतात. हो, तुटतात, कोर्टात गेलेल्या बहीण-भावांची घरं मीही बघितलीत, आईच्या मयताला एकमेकांशी न बोललेली माणसं बघितलीत. पण ती का तुटली? बाप गेल्यावर मागावं लागलं म्हणून. मागणारी वाईट ठरते आणि देणारा लुटला गेल्यासारखा वागतो. तेच बापानं हयातीत सगळ्यांना समोर बसवून वाटणीपत्र केलं, रजिस्टर केलं, स्वतःच्या कमाईचं मृत्युपत्र लिहून ठेवलं, तर बहिणीला मागावं लागत नाही आणि भावाला वाटत नाही की आपल्या ताटातलं काढून नेलं. घरात हे बोलायचा अधिकार एकट्या बापाला आहे आणि तो तेवढं सोडून बाकी सगळं बोलतो.

'सोसायला शिकवा' म्हणणाऱ्यांकडं आता वळतो. त्यांची भीती मला कळते, पोरीचा बाप असल्यावर ती कळायला कुणी सांगावं लागत नाही. क्लासवरनं यायला अर्धा तास उशीर झाला की जीव टांगणीला लागतो, बाहेरचं जग भाषणात म्हणतात तसं मोकळं नाही, आणि 'बिनधास्त जा' असं स्टेजवरनं सांगणाऱ्याला रात्री बाराला पोलीस स्टेशनला जायला लागत नाही. सावध राहा असं सांगणाऱ्या बापाला मागासलेला म्हणणं अन्यायाचं आहे. पण सावध करणं दोन तऱ्हेचं असतं. एक बाप म्हणतो बाहेर धोका आहे म्हणून जाऊ नको. दुसरा म्हणतो बाहेर धोका आहे म्हणून आधी गाडी नीट शिक, रविवारी सकाळी मी मागं बसतो, तू शिरोलीच्या हायवेपर्यंत चालव, पंक्चर काढायला कुठं थांबायचं आणि कुठं थांबायचं नाही हे बघून ठेव, तुझं बँकेचं खातं तू बघ, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, सही करायच्या आधी कागद शेवटपर्यंत वाचायचा. भीती दोघांनाही तेवढीच आहे, पण एकाची पोरगी वीस वर्षांची होईपर्यंत कुणाच्यातरी जिवावर राहायला शिकते आणि दुसऱ्याची स्वतःचं बघायला शिकते. आणि भीतीच्या नावाखाली बऱ्याचदा पैशाचा हिशेब लपतो तोही बोलला पाहिजे. पोराला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं, पोरीला मात्र घराजवळच्या कॉलेजात, का तर 'एवढ्या लांब एकटी कशी राहील'. आता २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी शासनानं पूर्ण माफ केलीय. फीचं कारण गेलं, मग उरलं काय? हॉस्टेलचे आणि मेसचे पैसे, जे पोरासाठी कर्ज काढून भरले असते.

सोसण्याबद्दल एवढंच म्हणतो की नोकरीत, अभ्यासात, संसारात तडजोड लागते, ती सगळ्यांना शिकवावी, पोरांनाही. पण मारहाण आणि पैशाची मागणी यात तडजोड नसते. आपल्याच संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, त्याच वर्षी काडीमोडाचा कायदा केला, आणि १९२० ला जोगतिणी आणि अनौरस संतती यांच्या वारसाहक्काचाही प्रश्न कायद्यात घेतला. शंभर वर्षांपूर्वीच्या राजाला कळत होतं की बाईला सोस म्हणून सांगून भागत नाही, तिच्या मागं कायदा आणि मिळकत उभी करावी लागते. आणि आज शिकलेला बाप पोरीला फोनवर सांगतो, 'बाळा, जरा जुळवून घे, लोक काय म्हणतील'?

आता सगळ्यात अवघड मुद्दा, जो माझ्या म्हणण्याच्या मुळावर येतो. कुणीही म्हणेल की ज्या बापाकडं द्यायला काहीच नाही त्याचं काय? त्याच्याकडं शब्दच आहेत, आणि त्या शब्दांवर कितीतरी पोरी वर आल्यात. हे अगदी खरं आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला, गंगामूळच्या रानात जाऊन राहिले, पुढं मिळकत गेली, तीर्थं हिंडत पुराणं सांगत जगले आणि दुष्काळात आई-बाप दोघंही गेले. रमाबाईंच्या हातात एक गुंठा जमीन आली नाही. तरी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्या विशीतल्या पोरीला 'सरस्वती' म्हणून गौरवलं. मग माझं म्हणणं खोटं पडतं का? मला तसं वाटत नाही. त्या पोरीला आई-बापानं धीराची वाक्यं देऊन सोडलं नव्हतं, रोज पहाटे उठवून हजारो श्लोक पाठ करून घेतले होते, म्हातारा बाप थकला तेव्हा आईनं शिकवलं. जमीन नव्हती तर आयुष्यातली वर्षं दिली. ज्याच्याकडं काहीच नाही तो बाप हे करू शकतो आणि करतोही, आपल्या गवंड्या-हमालांच्या घरात असे बाप आहेत आणि त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण ज्याच्याकडं दोन एकर ऊस आहे, कारखान्याचा शेअर आहे, पेठेत घर आहे, आणि ते सगळं पोराच्या नावावर लावून जो पोरीला म्हणतो 'तुला शिक्षण दिलं, संस्कार दिले', त्यानं अनंतशास्त्र्यांच्या मागं लपू नये.

इतिहासात जिथं जिथं बाईच्या मागं घरातला वडीलधारा माणूस उभा राहिलेला दिसतो तिथं बघा, शब्दांबरोबर काहीतरी हातात दिलेलं असतं. १७५४ ला कुंभेरीला खंडेराव पडले, त्यानंतर मल्हारराव होळकरांनी अहिल्याबाईंना कामात घेतलं, १७६५ च्या त्यांच्या पत्रात सुनेला काय लिहिलंय तर मोठा तोफखाना बरोबर ठेवा, दारूगोळ्याची तजवीज करा, वाटेवर चौक्या बसवा. शूर हो असा उपदेश केला नाही, तोफा सोपवल्या. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ साली शिकारीत गेले, सून इंदुमती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. राजवाड्यातनं विरोध झाला तरी महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवलं, बरोबर वेगवेगळ्या जातींच्या मैत्रिणी ठेवल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावणारा राजा, तो सूनबाईच्या बाबतीत फक्त आशीर्वाद देऊन थांबला नाही. हे दोघंही सासरे होते बरं का! सासरे सुनेसाठी एवढं करत असतील तर जन्मदात्या बापाला अडचण काय आहे?

आणि रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून ती मुंबईत नवऱ्याकडं नांदायला गेली नाही, १८८४ ला नवरा कोर्टात गेला, १८८७ ला कोर्टानं सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ती म्हणाली तुरुंगात जाते. या पोरीचं धैर्य आपण आज सांगतो, सांगावंच. पण ते धैर्य उभं कशावर होतं ते कमी सांगितलं जातं. आईनं डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मिळकत पोरीच्या नावावर केली होती. सावत्र वडील स्वतः डॉक्टर, त्यांनी पोरीला घरात ठेवलं, शिकू दिलं, तिची बाजू घेतली. खटला चालू असतानाच १८८५ ला ते वारले, तरी घर तिच्या मागं राहिलं. पुढं ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेला आणि राजकोटला दवाखान्यात काम केलं. राहायला घर नसतं, नावावर काही नसतं, आणि नुसतं कुणीतरी 'भिऊ नको' म्हटलं असतं तर त्या पोरीला कोर्टात उभं राहता आलं असतं का?

खेळातलं उदाहरण पटकन सांगतो. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला जागतिक नेमबाजी स्पर्धेत सुवर्ण घेतलं, राही सरनोबतनं २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला एशियन गेम्सचं. तेव्हा चौकाचौकांत बॅनर लागले, मिरवणुका निघाल्या, 'कोल्हापूरची लेक' म्हणून सगळ्यांच्या छात्या फुगल्या. नेमबाजी हा रायफलीचा, काडतुसांचा, प्रवासाचा महागडा खेळ आहे, मेडल यायच्या आधीची दहा वर्षं तो खर्च कुणाच्यातरी घरानं सोसलेला असतो. बॅनर लावणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या पोरीला शूज घेताना 'एवढे महाग कशाला, सहा महिन्यांनी सोडशील' म्हटलं असेल?

तरुण मुलींचा एक आक्षेप असतो, तोही टाळत नाही. त्या म्हणतात बाप देतो, बाप परवानगी देतो, बाप मागं उभा राहतो, म्हणजे परत सगळं बापाच्याच हातात, आम्ही आमचं कमवू, आम्हाला कुणाचं दान नको. यातला स्वाभिमान मला फार आवडतो आणि माझ्या पोरींकडनं हे ऐकायला मिळालं तर आनंदच आहे. पण बाई, तुझा जो वाटा आहे तो दान नाहीच. भाऊ जेव्हा वडिलांचं दुकान चालवायला घेतो, त्याच घरावर कर्ज काढून पहिली गाडी घेतो, तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की तू दान घेतोस. त्याला सुरुवातीला जे भांडवल मिळतं, धंदा बुडाला तर झोपायला जे छप्पर राहतं, त्याच्या जोरावर तो धोका पत्करतो. तुला तेच नाकारून वर 'स्वावलंबी हो' म्हणून सांगितलं जातं. आणि तू स्वाभिमानानं वाटा सोडलास तर तुझ्या पाठची गरीब पोरगी, जिची नोकरी नाही, जिला मार खाऊन परत यायचंय, तिलाही तुझंच उदाहरण दाखवून सही करायला लावतात, की बघ, ती एवढी शिकलेली, तिनं सोडलं.

मग करायचं काय? एकट्या-दुकट्या बापानं केलं तर त्याला भावकीत वेड्यात काढतात हे मला माहिती आहे, म्हणून हे गावानं करायला पाहिजे, आणि ते होऊ शकतं हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. ठरावाला काय अर्थ आहे, रूढी अशी ठरावानं जाते का, असं तेव्हाही म्हणणारे होते. पण त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तेच करायला सांगितलं आणि गावोगाव तसे ठराव झाले. ठरावानं रूढी एका दिवसात जात नाही, पण मयताच्या दारात जी बाई 'नको' म्हणते तिच्या मागं गाव आहे एवढं तरी होतं. तसाच ठराव हक्कसोडीबद्दल का होऊ नये? वडील वारल्यावर एक वर्ष तरी बहिणींची नावं कमी करायची नाहीत, आणि नंतर कुणाला सोडायचंच असेल तर क्षेत्र किती आणि सरकारी दरानं किंमत किती हे तिला भावांच्या माघारी, तिच्या भाषेत, मोठ्यानं वाचून दाखवायचं. अशा ठरावाला कायद्याचं बळ नसेल, तलाठी किंवा निबंधक त्यावर कुणाला अडवू शकणार नाहीत, हे मान्य. पण राजीखुशीनं सोडताय ना, या प्रश्नाला बाई खऱ्या अर्थानं उत्तर देऊ शकेल.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हा विषय तिथं निघेलच. पण तिथनं आलेला ठराव म्हटलं की गावात लगेच ओरड होणार, 'बायका हिस्सा मागायला लागल्या'. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो बाप्यांनी मांडावा असं माझं म्हणणं आहे, कागल, करवीर, राधानगरी, जिथल्या गावाला जमेल तिथं. सूचक म्हणून एखाद्या पोरीच्या बापाचं नाव घाला आणि अनुमोदक म्हणून तिच्या भावाचं.